चाल कोणाची, गाणे कोणाचे?

“तुझे आवडते गाणे कोणते?” असे विचारले की लहानथोर सगळेच पटकन उत्तर देतात. “पण तेच का आवडते?” असे विचारले की जरा थांबतात. चाल गोड आहे, आवाज छान आहे, शब्द चांगले आहेत, अशी कारणे आधी येतात. आणखी थोडे विचारले की खरे कारण बाहेर पडते. ते गाणे आजी भांडी घासताना म्हणायची. ते मावशीच्या मेंदीला वाजले होते. शाब्बाथ संपला की आजोबा तेच गुणगुणायचे. म्हणजे आवड फक्त कानाची नसते. ज्यांच्या तोंडून गाणे पहिल्यांदा ऐकले, ती माणसेही त्या आवडीत असतात.

आपल्या बेने इस्रायल समाजात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. आपली गाणी मराठी आहेत की हिब्रू? त्यांच्या चाली कोकणातल्या, नाटकातल्या की सिनेमातल्या? आणि चाल दुसऱ्याची असेल तर गाणे आपले कसे? या पाठात त्याचाच विचार करायचा आहे.

एका घरातली चार गाणी

लोद, रामले, अश्दोद, दिमोना किंवा बेअरशेवा इथले एखादे घर डोळ्यांसमोर आणा. पणजी मुंबईहून आलेली. तिला कीर्तनातली पदे पाठ आहेत. अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या गोष्टी ती मराठी पदांतून सांगते. आजोबा तरुणपणी इथे आले. त्यांचा जीव जुन्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांत. आईचा जन्म इथला. तिला इथल्या रेडिओवरची हिब्रू गाणी आवडतात, पण मलिद्याच्या वेळी ‘एलियाहू हन्नाबी’ सुरू झाले की तिचा आवाज सगळ्यांत मोठा. नातवाच्या फोनमध्ये हिब्रू, इंग्रजी आणि नव्या हिंदी गाण्यांची सरमिसळ आहे, आणि मेंदीच्या रात्री तो कोळीगीतावर सगळ्यांत आधी नाचायला उठतो.

या चौघांना “आपले गाणे कोणते?” असे विचारले तर चार उत्तरे मिळतील. चारही बरोबर आहेत. माणसाला आपल्या तेराव्या-चौदाव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत ऐकलेली गाणी आयुष्यभर जास्त जवळची वाटतात, असे अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. म्हणून प्रत्येक पिढीचे आवडते गाणे वेगळे असते, आणि ती पिढी तरुणपणी कुठे होती ते त्या गाण्यातून कळते. पणजीचे गाणे मुंबईतल्या वस्तीचे, आजोबांचे गाणे बोटीने किंवा विमानाने देश बदलण्याच्या काळाचे, आईचे गाणे नव्या देशातल्या शाळेचे.

मात्र या चार गाण्यांत एक धागा समान आहे. तो सापडावा म्हणून गाण्याचे तीन भाग करून पाहू: चाल, शब्द आणि प्रसंग. चाल म्हणजे सूर. शब्द म्हणजे त्यात सांगितलेली गोष्ट किंवा प्रार्थना. प्रसंग म्हणजे ते गाणे कुठे, कधी आणि कोणाबरोबर गायचे ती वेळ.

‘चाल’ नावाची छोटी ओळ

जुन्या मराठी पदांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात एक ओळ असते. तिथे ‘चाल’ असे लिहून पुढे दुसऱ्याच एखाद्या प्रसिद्ध गाण्याचे पहिले शब्द दिलेले असतात. त्याचा अर्थ, “हे नवे शब्द त्या ओळखीच्या सुरावर म्हणा.” स्वरलिपी छापायची गरज नसे. वाचणाऱ्याला ते जुने गाणे येत असे, आणि तेवढे पुरे होई.

1880 च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायल समाजातल्या काही मंडळींनी मराठी कीर्तन सुरू केले. कीर्तन हा महाराष्ट्रातला जुना प्रकार आहे. कीर्तनकार उभा राहून बोलतो, गातो, अभिनय करतो आणि गोष्ट सांगतो. साथीला पेटी, तबला आणि झांजा असतात. पूर्वरंगात तो एखादा विचार समजावतो आणि उत्तररंगात त्याला धरून आख्यान लावतो. हिंदू कीर्तनात आख्यान पुराणातले किंवा संतांच्या चरित्रातले असे. आपल्या लोकांनी साचा तोच ठेवला आणि आख्याने तोराहमधली आणि नबींच्या पुस्तकांतली घेतली. सुरुवातीचे नमन एकाच परमेश्वराला केले.

हे त्याच काळात का घडले? त्या सुमारास दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. पहिली, पवित्र शास्त्रातल्या कथा मराठीत वाचायला मिळू लागल्या होत्या. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी बायबल मराठीत छापले होते, आणि पुढे आपल्याच समाजातले विद्वान हिब्रू प्रार्थना मराठीत आणू लागले. जोसेफ इझेकिएल राजपूरकर (1834–1905) यांचे त्यातले काम मोठे आहे. 1874 मध्ये पुण्यात पेसाहची हग्गादा मराठी भाषांतरासह निघाली. तिच्यातल्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका बिनखमिराच्या भाकऱ्या करताना दिसतात. 1875 मध्ये मुंबईत समाजाची स्वतःची शाळा सुरू झाली. आपल्या धर्माच्या गोष्टी आपल्या भाषेत आपणच सांगाव्यात, असे लोकांना वाटू लागले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे मराठी गाण्याला आलेला बहर. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ 1880 मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले, आणि 1882 मध्ये ‘संगीत सौभद्र’. या नाटकांतही कीर्तनातले साकी, दिंडी असे छंद होते. दिंडीच्या ओळीत 19 मात्रा असतात आणि नवव्या मात्रेनंतर थोडे थांबायचे असते. ज्याच्या कानात दिंडी बसलेली आहे त्याच्यासमोर नवी दिंडी ठेवली तर तो ती न शिकवता म्हणू शकतो. म्हणून मुंबईतल्या कुठल्याही मराठी श्रोत्याला आपले कीर्तन परके वाटत नसे. सूर त्याच्या कानातले असत. ऐकू येणारी नावे मात्र अब्राहाम, योसेफ आणि मोशे अशी असत.

शाब्बाथला वाद्ये वाजवत नाहीत, म्हणून पेटी-तबल्यासह होणारे कीर्तन इतर दिवशी होई. लोक घरून येत, बायका-मुले येत, आणि ज्यांना हिब्रू वाचता येत नसे त्यांनाही योसेफला भावांनी का विकले ते एका रात्रीत कळे. गोष्ट गाण्यातून कळली की ती विसरत नाही.

ही पद्धत किती जुनी आहे?

“दुसऱ्याच्या चालीवर आपले शब्द कसे म्हणायचे? ते आपल्या धर्मात बसते का?” असा प्रश्न तरुणांना पडतो, आणि कधीकधी बाहेरचे लोकही विचारतात. याचे उत्तर तेहिलीममध्येच मिळते.

तेहिलीमच्या 22 व्या अध्यायाच्या मथळ्यात ‘अय्येलेथ हश्शाहार’ असे शब्द आहेत. त्याचा अर्थ होतो पहाटेची हरिणी. त्या अध्यायात हरिणीची गोष्ट नाही. मग हे शब्द तिथे कशाला? बाराव्या शतकातले भाष्यकार अब्राहाम इब्न एझ्रा यांचे मत असे की ते एका ओळखीच्या गाण्याचे सुरुवातीचे शब्द आहेत, आणि हा अध्याय त्या सुरावर गायचा आहे. म्हणजे जुन्या मराठी पुस्तकातली ‘चाल’ नावाची ओळ जे काम करते, तेच काम तो मथळा करतो.

पुढे सोळाव्या शतकात सफेद शहराच्या परिसरात इस्रायल नजारा नावाचे कवी होऊन गेले. शाब्बाथच्या जेवणाच्या वेळी अनेक घरांत ‘याह रिबोन’ म्हणतात, ते त्यांचेच. 1587 मध्ये त्यांच्या पियुतांचे पुस्तक सफेदमध्ये छापले गेले. त्यात पियुतांच्या डोक्यावर तुर्की, अरबी आणि स्पॅनिश गाण्यांची नावे दिली आहेत. बाजारात आणि मेजवानीत लोक जे सूर ऐकत होते, तेच त्यांनी देवाच्या स्तुतीसाठी वापरले. येमेनचे, मोरोक्कोचे, पोलंडचे ज्यू यांनीही आपापल्या शेजाऱ्यांचे सूर घेतले.

म्हणून मुंबईतल्या कीर्तनकाराने नाटकाची चाल घेतली तेव्हा त्याने परंपरा मोडली नाही. तो परंपरेप्रमाणेच वागला. चाल नेहमीच एका घरातून दुसऱ्या घरात जात आली आहे. कोणी तिच्यावर आपले शब्द ठेवतो आणि आपल्या सणाला ती गातो, तेव्हा ती त्याची होते.

शब्द हिब्रू, सूर आपला

आता उलट उदाहरण पाहू. इथे शब्द सगळ्या ज्यूंचे आहेत आणि गाण्याची रीत आपली आहे.

एलियाहू हन्नाबीचे नाव जगभरचे ज्यू शाब्बाथ संपताना घेतात. आपल्या समाजात त्याचे स्थान त्याहून मोठे आहे. अलिबागजवळ खंडाळे गावात एका खडकावर खुणा आहेत. एलियाहू हन्नाबी आपल्या रथातून तिथूनच वर गेला अशी श्रद्धा आहे, आणि त्या जागेला ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतात. नवस बोलायला आणि फेडायला लोक तिथे जात आले आहेत.

नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात जाताना, मूल झाल्यावर किंवा मोठ्या संकटातून सुटल्यावर मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि सुकामेवा एकत्र करून तबकात ठेवतात, भोवती फळे मांडतात. मग एलियाहू हन्नाबीचे गाणे होते, आशीर्वाद म्हणतात, आणि सगळ्यांना प्रसादासारखे वाटप होते. शब्द हिब्रू आहेत. पण ज्या लयीत बसलेली माणसे ते म्हणतात, टाळी जिथे पडते, म्हाताऱ्या बायका जिथे सूर लांबवतात, ते ऐकून जाणकार माणूस लगेच ओळखतो की हे घर बेने इस्रायलांचे आहे.

लग्नातही असेच आहे. आपल्याकडे नवरी मंडपाकडे येऊ लागली की नवरदेव तिला पाहून ‘योनाती’ हे हिब्रू गीत गातो. योनाती म्हणजे माझी पारवी. बऱ्याच ठिकाणी नवरदेव गप्प उभा असतो आणि गाणारे दुसरे असतात. आपल्याकडे गाण्याचे काम त्याचे स्वतःचे. आवाज चांगला असो वा नसो, त्या दिवशी त्याला गावेच लागते. म्हणून लग्नाच्या आधी महिनाभर घरात चुलते, मामा त्याच्याकडून ते घोकून घेतात. इथे चाल, शब्द आणि प्रसंग तिन्ही एकत्र शिकवले जातात, आणि म्हणूनच हे गीत टिकले आहे. ज्या गाण्यासाठी एखाद्याला उभे राहून सर्वांसमोर गावे लागते, ते गाणे त्या समाजात मरत नाही.

पेण, चौल आणि सिनेमाचा पडदा

हिंदी सिनेमाची गाणी ही बाहेरची, ती आपला वारसा नव्हे, असे काही जणांना वाटते. त्यांनी दोन नावे लक्षात ठेवावीत.

पहिले नाव जोसेफ डेव्हिड पेणकर (1876–1948). हे आपल्या समाजातले नाटककार. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. तो त्यांच्याच नाटकावर आधारलेला होता. त्यात सात गाणी होती. पडद्यावर माणूस बोलू लागला त्याच दिवशी गाऊही लागला, आणि तेव्हापासून हिंदी सिनेमा गाण्यावाचून राहिलेला नाही.

दुसरे नाव डेव्हिड अब्राहाम चेऊलकर. सिनेमात त्यांना नुसते ‘डेव्हिड’ म्हणत. 1954 च्या ‘बूट पॉलिश’मधला त्यांचा जॉन चाचा अनेक आजी-आजोबांना आठवतो. रस्त्यावरच्या दोन अनाथ मुलांना भीक मागू नका, कष्ट करा असे शिकवणारा तो चाचा. त्या कामासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

पेणकर म्हणजे पेणचे. चेऊलकर म्हणजे चौलचे. आपल्या ‘कर’ लागलेल्या आडनावांत कोकणातले गाव जपलेले असते. गाव सोडून शेकडो वर्षे झाली, मुंबई आली, मग इस्रायल आले, तरी आडनाव गावाची आठवण ठेवते. आवडते गाणेही असेच असते. गाणारा कुठेही गेला तरी गाणे जिथे शिकले ते ठिकाण त्याच्याबरोबर जाते.

लाज, प्रश्न आणि गाणे

1948 नंतरच्या वर्षांत आपले बहुतेक लोक इस्रायलमध्ये आले. सुरुवातीचे दिवस कठीण होते. भाषा नवी, काम नवे, पुष्कळांना दूरच्या नव्या वसाहतींत पाठवले गेले. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला आणखी एक घाव बसला. बेने इस्रायल लोकांच्या लग्नाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी करावी असे निर्देश निघाले. पिढ्यान्‌पिढ्या सुंता, शाब्बाथ आणि शेमा सांभाळलेल्या लोकांना “तुम्ही खरे ज्यू आहात का?” असे विचारले गेले. समाजाने विरोध केला, आंदोलन केले. 1964 मध्ये क्नेसेतने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत असे स्पष्ट केले.

अशा काळात माणसे दोन प्रकारे वागतात. काही जण आपले वेगळेपण झाकतात. मुलाने रस्त्यात मराठी बोलू नये, खिडकी उघडी असताना हिंदी रेकॉर्ड लावू नये, असे सांगणारी घरे होती. शाळेत कोणी हसू नये, एवढीच त्या आईबापांची इच्छा होती. त्यांना दोष देता येत नाही. दुसरे काही जण मात्र संध्याकाळी जमून पुन्हा तीच पदे म्हणत राहिले. त्या पदांत मराठी आणि ज्यू अशा दोन बाजू नव्हत्याच. योसेफची गोष्ट मराठी सुरात सांगणाऱ्या माणसाला “तू यातला कोण?” असे विचारणेच चुकीचे ठरते. तो दोन्ही आहे, आणि त्याचे गाणे ते दाखवते.

गंमत अशी की त्याच सुमारास हिंदी सिनेमाने इस्रायलमध्ये घर केले. राज कपूरचा ‘श्री 420’ (1955) इथे चांगला चालला, आणि भारत कधीही न पाहिलेले लोक त्याची गाणी गुणगुणू लागले. घरात ज्या गाण्याची खिडकी बंद करून घ्यावी असे वाटत होते, ते बाहेर सगळ्यांच्या तोंडी होते.

आज मेंदीच्या रात्री हिरवा चुडा, फुलांच्या मुंडावळ्या, ढोलकी आणि हिंदी गाणी पाहून इतर समाजांचे पाहुणेही नाचायला उठतात. लाज संपली, ही चांगली गोष्ट झाली. पण आता दुसरी अडचण समोर आहे.

काय हरवत आहे?

पुन्हा चाल, शब्द आणि प्रसंग हे तीन भाग घ्या. प्रसंग शिल्लक आहेत. मलिदा होतो, मेंदी होते, नवरदेव गातो. चालीही शिल्लक आहेत. तरुणांचे कान चांगले आहेत, दोनदा ऐकले की सूर उचलतात. हरवत आहेत ते मराठी शब्द.

कीर्तनाची पदे मुंबईत बहुधा पुरुष कीर्तनकार गात. इस्रायलमध्ये ती बायकांनी सांभाळली. त्यांनी पदे वहीत उतरवून घेतली आणि जमून म्हटली. त्या वह्या देवनागरीत आहेत. वही कपाटात आहे, पण घरात ती वाचू शकणारे एकच माणूस उरले आहे, अशी घरे आज थोडी नाहीत. ते माणूस गेले की वही राहील, पण ती कोणी वाचणार नाही. नातवाला सूर येईल, पण तो “ला ला ला” म्हणेल. मग योसेफची गोष्ट त्या गाण्यातून निघून जाईल, आणि ज्या कामासाठी ते पद रचले होते तेच काम थांबेल.

यावर काही जण सोपा उपाय करतात. मराठी शब्द हिब्रू अक्षरांत लिहून घेतात. सुरुवातीला ते उपयोगी आहे. ‘चाल’, ‘चांगला’ यांतला च हिब्रू त्सादीने अगदी नेमका लिहिता येतो. ‘चार’मधला च वेगळा आहे, त्यासाठी त्सादीला गेरेश जोडतात. पण पुढे अडते. हिब्रूत ळ नाही, ण नाही, त आणि ट वेगळे ऐकू येत नाहीत. त्यामुळे ‘काळ’ आणि ‘काल’ एकच होतात, ‘बाळ’ आणि ‘बाल’ एकच होतात. ‘चाल’ म्हणजे गाण्याचा सूर, आणि ‘चाळ’ म्हणजे आपले पुष्कळसे आजी-आजोबा मुंबईत जिथे राहत ती इमारत. हिब्रू अक्षरांत दोन्हींमध्ये काहीच फरक उरत नाही. म्हणून हिब्रू अक्षरांत लिहिलेले पद वाचताना शेजारी ज्येष्ठ माणूस हवेच. निदान ळ, ण, ट, ठ, ड आणि ढ ही सहा अक्षरे प्रत्येक तरुणाने तोंडाने म्हणून शिकावीत. वर्णमाला पुरी यायला वेळ लागेल. या सहा अक्षरांना काही आठवडे पुरतात, आणि तेवढ्याने निम्म्या चुका टळतात.

ज्येष्ठांकडूनही एक अपेक्षा आहे. “तुला काय कळणार मराठी?” असे म्हणून वही मिटू नये. नातवाचा उच्चार चुकला तर हसून सोडून देऊ नये, पुन्हा म्हणायला लावावे. नवरदेवाकडून ‘योनाती’ घोकून घेतात तशीच चिकाटी एका मराठी पदासाठीही दाखवावी. आणि नातवाच्या फोनमधले गाणेही एकदा ऐकावे. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली तरच चालते. ज्या समाजाने नाटकातल्या चालीवर मोशेची कथा बसवली, त्यातला एखादा तरुण उद्या नव्या सुरावर मराठी पद रचेल, तर तो पूर्वजांच्याच रस्त्याने चालला असेल.

अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट पाहिली आहे. वयामुळे स्मृती क्षीण झालेल्या माणसांना पुष्कळदा मुलांची नावे आठवत नाहीत, पण लहानपणीचे गाणे सुरू केले की ते पुढची ओळ म्हणतात. म्हणजे ज्याला आजीचे गाणे येते, त्याच्याकडे आजीशी बोलायचा एक रस्ता शेवटपर्यंत उघडा राहतो. हे गाणे शिकायचे सर्वांत जवळचे कारण आहे.

शब्दार्थ

चाल – गाण्याचा सूर. ज्या ओळखीच्या गाण्यावर नवे शब्द म्हणायचे ते गाणे
पद – गायचे छोटे काव्य
आख्यान – कीर्तनात गाऊन आणि बोलून सांगितलेली कथा
पूर्वरंग, उत्तररंग – कीर्तनाचा पहिला आणि दुसरा भाग
पियुत – हिब्रू धार्मिक गीत
नवस – इच्छा पूर्ण झाली तर अमुक करीन असे देवाला दिलेले वचन
घोकणे – पुन्हा पुन्हा म्हणून पाठ करणे
पारवी – पारवा या पक्ष्याची मादी

प्रश्न

1. जुन्या मराठी पदाच्या डोक्यावर ‘चाल’ ही ओळ का लिहीत?
2. तेहिलीमच्या 22 व्या अध्यायाचा मथळा आणि ‘चाल’ यांत काय साम्य आहे?
3. 1880 च्या सुमारास बेने इस्रायल कीर्तन सुरू होण्याची दोन कारणे सांगा.
4. ‘योनाती’ टिकले आणि कीर्तनाची पदे मागे पडत आहेत. चाल, शब्द आणि प्रसंग हे तीन भाग वापरून याचे कारण सांगा.
5. मराठी पद हिब्रू अक्षरांत लिहिताना कोणते शब्द एकसारखे दिसतात? पाठात नसलेली दोन उदाहरणे शोधा.

घरचे काम: जोडीने करायचे

एक तरुण आणि एक ज्येष्ठ अशी जोडी करा. ज्येष्ठांनी आपले एक आवडते मराठी गाणे निवडावे. ते कीर्तनातले पद असेल, पाळणा असेल, मेंदीचे किंवा हळदीचे गाणे असेल. तरुणाने ते फोनवर ध्वनिमुद्रित करावे आणि वहीच्या एका पानावर पुढील गोष्टी लिहाव्यात: गाण्याचे शब्द देवनागरीत, त्याखाली हिब्रू अक्षरांत, प्रत्येक ओळीचा अर्थ, चाल कोणत्या गाण्याची, ते कोणाकडून शिकले, कुठे आणि कोणत्या प्रसंगी म्हणत.

मग तरुणाने आपले आवडते गाणे ज्येष्ठांना ऐकवावे आणि त्याचेही पान तसेच भरावे. पुढच्या वर्गात दोन्ही पाने आणा, आणि ज्येष्ठांचे गाणे तरुणाने म्हणून दाखवावे. एक कडवे पुरे, पण ळ स्पष्ट आला पाहिजे.